हॉलमधलं थेटर

नाशिकच्या पंचवटीत मामाच्या ओसरीवर कोपऱ्यात एक माठ असायचा. जुना होऊन पाणी गार करेनासा झालेला. मामीने तो टाकायला काढला आणि मामाने उचलून आणला. त्याच्या तोंडावर सहा इंची स्पीकर पालथा घातला, टू-इन-वनमधून जोडवायर ओढली आणि कॅसेट लावली. नुसत्या टू-इन-वनमधून 'टक' अशी येणारी ढोलकीची थाप माठातून 'धुम्म' अशी आली. शेजारचे दोघे ती बघायला, म्हणजे ऐकायला, आले होते. त्या काळात असे माठ गावोगावच्या घरांत, पानटपऱ्यांवर, सायकलच्या दुकानांत बसलेले दिसायचे. यांतल्या कुणीही ध्वनिशास्त्र वाचलेलं नव्हतं.

पण माठाचं ते शास्त्र खरं होतं. पोकळ भांड्यातली हवा आणि भांड्याचं अरुंद तोंड यांचा मिळून एक ठरावीक खालचा सूर असतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो मोजून दाखवला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या थुरास यांनी १९३२ साली स्पीकरच्या डब्याला मुद्दाम भोक ठेवण्याचं पेटंट मिळवलं. आज दुकानात वूफर उलटा करून बघितला की मागे किंवा बाजूला जी गोल नळी दिसते, ती हीच. एवढाच फरक, की मामाचा माठ फुकटात आला होता.

मामाची आठवण यायचं कारण घरातला नवा टीव्ही. २०२५ च्या २२ सप्टेंबरला बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि आमच्या सोसायटीत त्या दिवाळीला खोकीच खोकी उतरली. आमचंही एक त्यात. पंचावन्न इंची, कडेने बोटाएवढा जाड. चित्र असं, की नायिकेच्या नथीतला मोती मोजून घ्यावा. आणि आवाज? टीव्ही बोटाएवढा झाल्यावर त्यात स्पीकर मावणार तरी कुठे? कंपन्या तो मागच्या बाजूला, तोंड खाली करून बसवतात. दहा-दहा वॅटचे दोन, खालच्या लाकडाकडे किंवा मागच्या भिंतीकडे बघून बोलणारे. माणूस पाठमोरा उभा राहून बोलला तर जसं ऐकू येईल, तसं ऐकू येतं.

आईचं वय शहात्तर. त्या दिवाळीनंतर आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य म्हणजे, "काय म्हणाली रे ती?" आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी मालिकेचं पार्श्वसंगीत किंवा साबणाची जाहिरात कानावर आदळणार. "अरे, कमी कर!" रिमोट सतत हातात. हे वयाचं दुखणं असं समजून मी कानांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवत होतो, तेवढ्यात सतरा वर्षांची मुलगीही मराठी सिनेमा इंग्रजी अक्षरं लावून बघताना सापडली. मग मात्र मी टीव्हीसाठी स्पीकर शोधायला बाहेर पडलो.

तीन महिने फिरलो. महात्मा गांधी रोडवरची दुकानं, कॉलेज रोडवरच्या काचेच्या शोरूम, इंदिरानगर-सिडकोतल्या ओळखीच्यांचे हॉल, एक इलेक्ट्रिशियन, एक सुतार. त्या फिरण्याचा हा हिशेब.

*

आधी एक गंमत सांगतो, कारण ती याच गावातली आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला, आणि त्यानंतर त्यांनी आपलं सगळं बिऱ्हाड नाशिकला आणलं. 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन' आणि पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीची चित्रपटांची रांग हे सगळं आपल्या गावाशी बांधलेलं. पण हा सगळा सिनेमा मुका. आवाज असायचा तो थेटरातला: पडद्याजवळ बसलेला पेटीवाला, तबलजी. म्हणजे एकच चित्र गावोगाव वेगळ्या आवाजात बघितलं जायचं. १९३१ साली 'आलम आरा' बोलला आणि खेळ पालटला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२ चा, मुका काढलेला; त्याला नंतर आवाज चिकटवून १९३४ मध्ये पुन्हा लावावा लागला. त्यांचा स्वतःचा बोलपट एकच, कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला 'गंगावतरण', १९३७ चा. १९४४ साली ते नाशिकातच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे सहलीला गेलेल्या प्रत्येक नाशिककराला चित्राचं कौतुक ठाऊक असतं. आवाजाने या माणसाला मागे टाकलं, हे फारसं कुणी बोलत नाही.

चित्रावर भरपूर खर्च करायचा आणि आवाज नंतर चिकटवायचा, ही आमच्या हॉलमधलीही गोष्ट तीच. टीव्हीवर साठ हजार घालणारा माणूस स्पीकरसाठी चार हजारांच्या वर हात उचलत नाही.

*

दुकानात शिरलं की पहिला शब्द कानावर पडतो 'वॅट'. "सर, हे चारशे वॅट. हे सहाशे. हे बघा, हजार." पूर्वी याहून कहर होता. २००० च्या आसपास खोक्यांवर 'पाच हजार वॅट पीएमपीओ' असं ठसठशीत छापलेलं असायचं. पीएमपीओ म्हणजे स्पीकर फुटायच्या आधीच्या क्षणार्धात, कागदावर, कंपनीच्या मनाने निघणारा आकडा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा. आपल्या घरातला साधा प्लग सहा अँपिअरचा. दोनशे तीस व्होल्टने गुणलं तर जेमतेम तेराशे ऐंशी वॅट. पाच हजार वॅट खरोखर ओढले गेले असते, तर पहिल्याच गाण्याला एमसीबी पडून घर अंधारात गेलं असतं. दोन हजार वॅटच्या गिझरलाही आपण जाड पिनेचा वेगळा पॉइंट देतो.

आजही एक साधी तपासणी करता येते, आणि ती मला एका इलेक्ट्रिशियनने शिकवली. डबा उलटा करायचा आणि मागच्या स्टिकरवर वीज किती खातो ते वाचायचं. भिंतीतून पासष्ट वॅट घेणारं यंत्र स्पीकरला सतत चारशे वॅट कुठून देणार? मी दुकानात हे करून बघितलं. विक्रेता मुलगा हसला आणि म्हणाला, "काका, पहिलेच तुम्ही."

तशी आपल्याला एवढ्या ताकदीची गरजही नसते. मध्यम दर्जाच्या स्पीकरला एक वॅट दिला, तर एक मीटरवर साधारण शहाऐंशी डेसिबल आवाज निघतो. दहा फुटांवरच्या सोफ्यापर्यंत येताना तो उतरतो, तरी पंचाहत्तरच्या पुढेच राहतो. समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाज साठ-पासष्ट. म्हणजे आपली रोजची मालिका एका वॅटच्याही आतच चालते. स्फोट, ढोल, विजेचा कडकडाट यांना क्षणभर त्याच्या शंभरपट लागू शकतं, म्हणून पन्नास-शंभर खरे वॅट हाताशी असलेले बरे. त्यापुढचे आकडे खोक्यासाठी. शिवाय ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. चारशे आणि सहाशे वॅटमधला फरक ऐकून ओळखता येत नाही. तो बिलावर मात्र दिसतो.

*

'कॉम्पॅक्ट' हा दुकानातला दुसरा लाडका शब्द. मुठीएवढे चौकोनी स्पीकर आणि सोफ्याआड दडणारा एक वूफर. घरातल्या मंडळींना हाच प्रकार आवडतो, आणि त्यात त्यांचं चूक नाही. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये देवघर, चपलांचं कपाट, सायकल आणि मुलांचा अभ्यास मावतो. तिथे कपाटाएवढे स्पीकर ठेवायचे कुठे?

लहान डब्यातून मोठा आवाज काढण्याची हौस जुनी आहे. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली पूर्ण बंद डब्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि पुस्तकाच्या कपाटात बसेल एवढ्या स्पीकरमधून खोल बेस काढून दाखवला. त्याच मंडळींमधले हॉफमन यांनी एक नियम मांडला, आणि तो आजवर कुणाला मोडता आलेला नाही: छोटा डबा, खोल बेस आणि थोड्या विजेत जास्त आवाज या तीनपैकी दोनच मिळतात. आज वीज देणारी सर्किटं स्वस्त आणि गार झाली, म्हणून कंपन्यांनी तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडलं. मुठीएवढ्या डब्यांची फॅशन आणली ती बोस कंपनीने, १९८७ साली. या कंपनीचे संस्थापक अमर बोस एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव, फिलाडेल्फियात जन्मलेले, एमआयटीत आयुष्यभर शिकवलेले. पुढे त्यांनी कंपनीचे बहुतांश शेअर त्याच संस्थेला देऊन टाकले. आवाजाच्या धंद्यात भारताचे असे धागे अधूनमधून सापडतात. रे डॉल्बी हे १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढण्याआधी दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होते.

असो. मुठीएवढ्या स्पीकरची एक खोड मला या तीन महिन्यांत कळली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. दोन-अडीच इंचांचा पडदा दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली दम टाकतो. त्याखालचं सगळं काम वूफरवर ढकललं जातं. आता पुरुषाच्या बोलण्याचा पाया असतो साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, बाईच्या बोलण्याचा १६५ ते २५५. म्हणजे नायक बोलतो समोर टीव्हीतून, पण त्याच्या आवाजाचा खर्ज निघतो सोफ्यामागच्या कोपऱ्यातल्या वूफरमधून. एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये मी हे ऐकलं. पडद्यावर बातम्या देणारा माणूस, त्याचं डोकं समोर आणि छाती माझ्या पाठीमागे. यजमान कौतुकाने बघत होते, म्हणून मी काही बोललो नाही.

याचा उपाय सोपा आहे. स्पीकरचा पडदा किमान चार इंचांचा, जमल्यास पाच इंचांचा घ्यायचा. तो ऐंशी ते शंभर हर्ट्झपर्यंत स्वतः उतरतो आणि वूफरला फक्त त्याखालचं काम राहतं. ऐंशीच्या खालचा सूर कुठून येतो हे कानाला कळत नाही. त्याची एक लाट चौदा फुटांची, सबंध हॉलएवढी. त्यामुळे वूफर थोडा बाजूला गेला तरी चालतं. आणि मुठीएवढेच स्पीकर घ्यायचे असतील, तर वूफर समोरच ठेवा, टीव्हीच्या जवळ. सोफ्याआड दडवू नका.

*

आता पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे ज्याला ५.१ म्हणतात, त्यातला कोणता स्पीकर कशासाठी? सिनेमाचे जवळजवळ सगळे संवाद येतात मधल्यातून, म्हणजे सेंटरमधून. संगीत आणि समोरची हालचाल डाव्या-उजव्यातून. पाठीमागच्या दोघांतून पाऊस, गर्दी, मंदिराचा घुमारा. आणि गंमत अशी, की लोक सेट घेतात पाठीमागच्या दोघांच्या मोहाने, आणि कंपन्या काटकसर करतात सेंटरवर. संवाद ऐकू येत नाहीत ही मूळ तक्रार, आणि नेमका त्याच कामाचा स्पीकर सगळ्यात हलका!

त्यावर सुतारही हातभार लावतात. टीव्ही युनिटमध्ये सेंटरसाठी ते सुबक कप्पा करून देतात, आत खोल, चारी बाजूंनी लाकूड. त्यात ठेवलेला स्पीकर हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा बोलतो. सेंटर कप्प्याच्या पुढच्या कडेशी आणून, खाली रबराचा तुकडा देऊन, तोंड थोडं वर सोफ्याकडे करायचं. फुकटातली ही सुधारणा मी तीन घरांत करून दिली. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला.

पाठीमागच्या स्पीकरचं दुखणं वेगळं. नियमाप्रमाणे ते बसणाऱ्याच्या खांद्याच्या थोडे मागे, कानाच्या जरा वर हवेत. पण आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला असतो, त्याच्या पाठीमागे भिंतच. मग कुणी ते पडद्याच्या रॉडवर टांगतं, कुणी देवघराच्या माथ्यावर ठेवतं; एका घरी दोन्ही स्पीकर टीव्हीशेजारीच होते, वायर पुरली नाही म्हणून. बिनवायरचे पाठीमागचे स्पीकर मिळतात, पण त्यांनाही वीज लागतेच, म्हणजे दोन प्लग आलेच. घराला रंग काढायचा असेल, तर त्या वेळी भिंतीत कन्सिल्ड पाइप टाकून वायर ओढून ठेवा; नंतर केसिंग पट्टी दाराच्या चौकटीवरून फिरवत न्यावी लागते आणि घरच्यांची बोलणी खावी लागतात.

आणि मुळात आपण बघतो काय? मराठी मालिका, बातम्या, क्रिकेट हे बहुतेक डाव्या-उजव्या अशा दोनच वाहिन्यांच्या आवाजात येतं. पाठीमागचे स्पीकर त्यात एक तर गप्प असतात किंवा यंत्र त्यांना काहीतरी बनवून देतं. खरा पाच दिशांचा आवाज मिळतो तो ओटीटीवरच्या सिनेमांत. आठवड्यातून तेवढ्या अडीच तासांसाठी सोफ्यामागे वायरींचं जाळं करायचं का, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न. माझं मत, समोरचे तीन चांगले घ्यावेत. पाच वाईट घेण्यात अर्थ नाही.

*

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे खोली. दुकानात छान वाजलेला सेट घरी आल्यावर कल्हई लावलेल्या भांड्यासारखा वाजतो, तो का?

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं, आणि तिथे बोललेलं कुणाला कळेना. शब्द तोंडातून निघाल्यावर साडेपाच सेकंद हवेत रेंगाळायचा. तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा त्याच्यावर चढून बसायचे. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, व्याख्यानगृहात पसरल्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. कितीतरी रात्री असं केल्यावर त्यातून जे सूत्र निघालं, ते आजही जगभर वापरलं जातं.

ते सूत्र मी आपल्या हॉलला लावून बघितलं. दहा बाय चौदा, उंची साडेनऊ फूट, व्हिट्रिफाइड टाइल्स, गिलाव्याच्या भिंती, रिकामी खोली. उत्तर आलं जवळजवळ तीन सेकंद. म्हणजे नव्या फ्लॅटचा ताबा घेतल्यावर टाळी वाजवली की जो झंकार उठतो, तो. त्यात कापडी सोफा, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची मांडणी आणि चार माणसं घातली की तोच आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो, आणि बोलणं स्वच्छ होतं. मामाच्या घरात हे आपोआप साधलेलं होतं. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, लाकडी तुळया, गादी, लोड, तक्के. वाड्यातल्या बैठकीत बसून केलेली कुजबुजही कळायची. आम्ही वाडे पाडून काच आणि टाइल्सच्या खोल्या बांधल्या, आणि मग संवाद कळत नाहीत म्हणून स्पीकर घ्यायला निघालो.

त्यामुळे कुणी विचारलं, की पंचवीस हजारांत काय घेऊ, तर मी आता सांगतो: वीस हजारांचे स्पीकर, पाच हजारांचा जाड पडदा आणि सतरंजी. लेदरचा सोफा असेल तर सतरंजी थोडी मोठी. दुकानात कुणी असं सांगत नाही, कारण तिथे सतरंज्या मिळत नाहीत.

खोलीचा बेसवरही असाच हक्क चालतो. चौदा फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये नेमका बसतो आणि घुमत राहतो. दहा फुटांच्या रुंदीत ५६ चा. म्हणून वूफर एका जागी ठेवला तर गरगरतो आणि दोन फूट सरकवला तर सुधारतो. योग्य जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. वूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, खर्जातलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे बेस भरीव पण आखडलेला ऐकू येईल, तिथे वूफर ठेवायचा. मी हे दुपारी, घरात कुणी नसताना केलं. मुलगी अर्ध्यातच परत आली.

*

ढोल हे नाशिकचं दैवत. 'नाशिक ढोल' म्हटलं की महाराष्ट्रात कुठेही वराती थांबतात. आमच्या कानांना खर्जाची सवयच अशी, की दुकानातला 'बेस बूस्ट'चा खटका दाबल्याशिवाय विक्री होत नाही. पण ढोल मोकळ्या रस्त्यावर वाजतो. चौथ्या मजल्यावर वाजला तर तो तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरही वाजतो. भिंत आवाज अडवते ती तिच्या वजनाच्या जोरावर, आणि सूर जितका खालचा तितकी भिंत दुबळी. सूर निम्म्यावर आला की भिंतीची अडवण सहा डेसिबलने घटते. म्हणून शेजाऱ्याला संवाद ऐकू जात नाहीत, फक्त धडधड जाते. आणि नुसती धडधड हा छळच.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. खासगी घरातल्या यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये. मात्र ही मोजणी कानाच्या मापाने होते, त्यात ५० हर्ट्झचा सूर तब्बल तीस डेसिबलनी हलका धरला जातो. म्हणजे मीटर निर्दोष म्हणेल आणि खालच्या काकूंच्या कपाटातली भांडी वाजत राहतील. तिथे नियमापेक्षा काकूंचं म्हणणं जास्त खरं. वूफरखाली जाड फोमचा किंवा रबराचा तुकडा घालावा, तो खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर काढावा आणि रात्री दहानंतर 'नाइट मोड' लावावा. नाइट मोड मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. आईच्या मालिकेला हा दिवसाही लावून बघा.

जोडणीचं थोडक्यात सांगतो. टीव्हीमागे एचडीएमआयची जी भोकं असतात, त्यातल्या एकावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. स्पीकरची वायर त्यातच घालायची. दुसऱ्यात घातली तर आवाज येत नाही आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. मग टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम'च्या जागी 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करायचं, नाहीतर पाच स्पीकरचा सेट दोनच स्पीकरच्या आवाजात वर्षानुवर्षं वाजत राहतो. मी बघितलेल्या घरांपैकी निम्म्यांत तसंच चाललं होतं.

*

दुकानात डेमोला नेहमी तेच लावतात: गाड्यांची टक्कर, स्फोट, काचा. टक्कर कोणत्याही स्पीकरवर चांगलीच वाजते, कारण खरी टक्कर कशी ऐकू येते हे आपल्याला ठाऊक नसतं. माणसाचा आवाज मात्र प्रत्येकाला पाठ असतो. म्हणून मी पेन ड्राइव्ह स्वतःचा नेला. पहिला 'नटसम्राट', २०१६ चा. कुसुमाग्रजांचं नाटक आपल्या नाशिकचं, आणि सिनेमात नाना पाटेकर कुजबुजीपासून आरोळीपर्यंत सगळीकडे फिरून येतात. आवाज न वाढवता कुजबुजीतला शेवटचा शब्द कळला पाहिजे. 'स' आणि 'श' वेगळे ऐकू आले पाहिजेत. व्यंजनं दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, अगदी थोड्या ताकदीत असतात, आणि वय वाढलं की कान मंदावायला सुरुवात होते ती नेमकी वरच्या बाजूने. मग 'कट्यार काळजात घुसली'तल्या ताना. त्या कर्कश झाल्या की स्पीकर बाद. मग 'सैराट'. त्याचं वाद्यवृंदाचं संगीत अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलं. त्यात व्हायोलिनचा समूह आणि ढोलकी एकमेकांत मिसळून चिखल होतो का ते बघायचं. शेवटी 'तुंबाड'चा पाऊस. चार दुकानांत पहिल्या परीक्षेतच सहा सेट गळले. त्यांतला एक सगळ्यात महाग होता.

भावाचं साधारण सांगायचं, तर साउंडबार पाच-सहा हजारांपासून मिळतात. त्यात बघायचं एवढंच, की मध्ये संवादाची वेगळी वाहिनी आहे का, म्हणजे २.१ नव्हे तर ३.१ आहे का. लहान घराला, भाड्याच्या घराला हाच प्रकार बरा. खोक्यातले ५.१ सेट पंधरा ते पंचवीस हजारांत येतात. सोफा भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढता येणार असेल तरच त्यांच्या वाटेला जावं. सुटे स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा तर पन्नास हजारांच्या पुढे खर्च, पण त्यातली एकेक वस्तू नंतर बदलता येते आणि वीस-वीस वर्षं टिकते.

मी घेतलं ते असं: पाच इंची पडद्याचे दोन स्पीकर, त्याच मालिकेतला सेंटर, आठ इंची बंद डब्याचा वूफर, आणि एका मित्राने विकायला काढलेला जुना ॲम्प्लिफायर. शिवाय सतरंजी. पाठीमागच्या दोन स्पीकरसाठी भिंतीत वायरी ओढून ठेवल्या आहेत, स्पीकर आणलेले नाहीत. आठ महिने झाले, घरात अजून कुणी त्यांची चौकशी केलेली नाही. आई "काय म्हणाली रे ती?" असं अजूनही विचारते, पण आता ते नात्यातल्या बायकांचं फोनवरचं बोलणं झाल्यावर.

तुम्ही घेणार असाल तर एकच विनंती. पाडव्याच्या दिवशी ऐकायला जाऊ नका. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, दहा टीव्ही एकाच वेळी वाजत असतात आणि विक्रेत्याला तुमचा 'नटसम्राट' लावायला सवड नसते. आठवडाभर आधी, मंगळवार-बुधवारच्या दुपारी जा, पेन ड्राइव्ह न्या, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या. पाडव्याला फक्त पैसे द्या आणि बिलावर मॉडेलचा नंबर नीट लिहून घ्या.